बाबांच्या जबड्याचं माप

माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांच्या तोंडात एकही दात नव्हता. किन्हीराजा गावाच्या आसपास आमच्या समाजातली लग्नं तेच लावायचे. त्रिशरण-पंचशील त्यांनी सांगायचं आणि साऱ्या मांडवानं मागून म्हणायचं. पण दात गेले तसे शब्द हवेतच विरायला लागले, पोरंटोरं फिदीफिदी हसायची. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी अनसिंगहून निरोप धाडला, लग्न लावायला आमचा माणूस आणतो. मला असा संताप आला की असल्या घरी जायचंच नाही म्हणून बसले. बाबा जेवणावर रुसले. तसंही त्यांना चावता येत नव्हतं, त्यामुळे ते घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग त्यांनी जाहीर केलं, पोरीचं लग्न मीच लावीन, अन् दात लावून लावीन.

आई, बाबा आणि मी वाशीमला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक लालसर वडी गरम पाण्यात कणकेसारखी मऊ केली, पत्र्याच्या साच्यात भरली आणि बाबांच्या तोंडात दाबली. बाबांना उबळ आली. त्यांनी डॉक्टरांचं मनगट असं धरलं की कोण कुणाचं माप घेतंय ते कळेना. तरी हिरड्यांचा ठसा निघाला.

पुढच्या खेपेला दातांच्या जागी मेणाची पट्टी ठेवून जबडा मिटायचा होता. डॉक्टर म्हणाले, आता तोंड जसं मिटाल तसेच दात बसतील. इथंच घोळ झाला. बाबांनी जन्मात एकदाच फोटो काढला होता, त्यामुळे कायमचं काही उमटणार म्हणजे कसं बसायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, मान ताठ केली, हनुवटी पुढे काढली आणि तोंड मिटलं.

त्यानंतरच्या खेपेला मेणात बसवलेले दात तोंडात घालून पाहिले, तर हनुवटी पुढे काढल्याशिवाय ते एकमेकांना भेटेचनात. बाबा शेताच्या धुऱ्यावर, बांधावरून भांडायला निघाल्यासारखे दिसत होते. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि पुन्हा मेणाची पट्टी ठेवली. नुसतं थुंकी गिळा, म्हणाले, गिळताना जबडा आपोआप जागेवर जातो. पण कुणी बघितलं रे बघितलं की बाबांची हनुवटी पुढे. लग्न जवळ आलेलं, आणि डॉक्टर घामाघूम.

शेवटी आईचा धीर सुटला. बाबांच्या तोंडात मेण, उलट बोलायची सोय नाही. अशी संधी तिला संसारात पहिल्यांदाच मिळत होती.

"फोटो नाही काढून राह्यले थे," ती म्हणाली. "पोरगी चालली आपली. ढोराइच्या नावानं गोठ्यात जाता अन् डोये पुसता, मले काय दिसत नाही? रडू आलं त रडजा. कायले लपवता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हनुवटी मागे आली, डोळे भरले आणि त्यांनी आवंढा गिळला. मलाही इतकं भरून आलं की सासरवरचा राग विसरले.

"असंच," डॉक्टर म्हणाले. "आता हलू नका."

माझं लग्न बाबांनीच लावलं. एकेक शब्द स्वच्छ, अनसिंगच्या पाहुण्यांना शेवटच्या रांगेत ऐकू जाईल असा. मी निघाले तेव्हा मला धरून ते ओक्साबोक्शी रडले. दात जागचे हलले नाहीत. रडण्याच्याच मापाचे होते ते.