जेवायचा हात

किलोमीटर मोजायला सायकलवाल्यांकडे ॲप असतं, किश्शांना काहीच नसतं. ते आपले साठत जातात. घरी नवीन कुणी जेवायला आलं की आमच्यातला एकजण म्हणतो, "तो सिग्नलचा सांग ना," आणि मग वरण गार झालं तरी कुणी उठत नाही.

आमचा ग्रूप म्हणजे जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधली मोजकी मराठी डोकी. विनायक आमचा पुढारी. तो मोटारींच्या ब्रेकवर काम करतो आणि स्वतः कुठेही वेळेवर थांबत नाही. तेजस सांगलीचा, इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो, निदान घरी तसं सांगतो. शिवाय मी, माझा नवरा समीर आणि आमची दहा वर्षांची इरा. माझ्या सासूबाईही साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, पण त्यांना ग्रूपमध्ये घ्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

यंदा विनायकने इंग्लंडचं खूळ काढलं. त्याने व्हिडिओ दाखवले. दोन्ही बाजूंनी हिरव्या झुडपांची कुंपणं, मध्ये बोळाएवढा रस्ता, मेंढ्या, जुनी चर्चं, चहाची दुकानं. सफोक नावाचा भाग. हॉलंडहून सायकलींसकट बोटीत बसायचं, पलीकडे उतरायचं आणि आठवडाभर खेड्याखेड्यांतून हिंडायचं. "डोंगर नाहीत, सगळं जेंटल आहे," हे तो इतक्यांदा म्हणाला की त्या सहलीचं नावच 'जेंटल' पडलं. आम्ही अक्षरशः वेडे झालो होतो!

*

सरावाच्या पहिल्याच रविवारी विनायक अंगाला चिकटलेले सायकलवाल्यांचे कपडे आणि नारिंगी गॉगल घालून आला. गावाबाहेर एल्मची टेकडी आहे. तिच्या अर्ध्या चढावर त्याला घाम फुटला, तोंड उघडं पडलं आणि सायकल नागमोडी चालायला लागली.

एवढ्यात मागून एक जर्मन आजीबाई आल्या. साधी जुनी सायकल, पुढच्या बास्केटमध्ये कांद्याच्या पातीची जुडी. त्या विनायकच्या शेजारून सावकाश पुढे गेल्या आणि मान वळवून प्रेमाने म्हणाल्या, "गुटे बेसरुंग!"

विनायक एकदम खूश. त्याने ओरडून "डांके!" म्हणत आभार मानले, आमच्याकडे बघितलं आणि बाई इम्प्रेस झाल्या असं जाहीर केलं.

तेजसने त्याला वर पोहोचू दिलं, पाणी पिऊ दिलं आणि मग सांगितलं, "विन्यादादा, हे इथे आजारी माणसाला म्हणतात. लवकर बरे व्हा."

*

आता सिग्नलचा. एका खेड्यात चौकातला सिग्नल लाल होता म्हणून आम्ही थांबलो. चारही बाजूंना रस्ता मोकळा, माणूस नाही, गाडी नाही. आम्ही उभेच. तेजसने केळं खाल्लं. समीरने चाकात हवा भरली. दिवा काही हिरवा होईना.

इतक्यात एक म्हातारा जर्मन कुत्र्याला घेऊन आला. त्याने सिग्नलकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि सरळ रस्ता ओलांडून गेला. पलीकडे पोहोचल्यावर म्हणाला की हा सिग्नल गेल्या आठवड्यापासून बिघडलाय.

कुत्रासुद्धा वळून वळून बघत होता. तेजस म्हणाला, "ही गोष्ट पुण्यात कुणाला सांगू नका. आपल्याला परत घेणार नाहीत."

*

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एका सकाळी चहा गाळता गाळता सांगितलं, "मीही येणार तुमच्याबरोबर इंग्लंडला."

समीर हसला. आईंना सायकल येत नव्हती. लहानपणी भावाच्या सायकलला हात लावला म्हणून ओरडा खाल्ला होता, त्यानंतर विषयच संपला होता. मी म्हटलं, अहो आई, तुम्ही आणि मी ट्रेनने येऊ ना मागून. तर त्या मला बाजूला घेऊन गेल्या.

"इरात आणि माझ्यात बोलायलाच काही नसतं गं, केतकी," त्या म्हणाल्या. "मी विचारते, ती जर्मनमध्ये काहीतरी सांगते आणि पळते. मी जाईन परत, आणि तिच्या लक्षातसुद्धा राहणार नाही मी."

हे खरं होतं. इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. आईंना कळतं ते फक्त तिने मान हलवल्यावर.

नेमकी तेव्हाच इराची शाळेतली सायकलची परीक्षा जवळ आली होती. इथे चौथीच्या मुलांना ती द्यावीच लागते, पोलीस येऊन घेतात. मी इराला म्हटलं, तू शिकतेस तेच आजीला शिकव. रविवारी सुपरमार्केट बंद असतं, त्याच्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोघींची शाळा सुरू झाली. कुर्ता, अंबाडा, अंबाड्यावर हेल्मेट अशा आई सायकलवर, आणि मागून इराचा आवाज, "शुल्टरब्लिक, आजी! शुल्टरब्लिक!" म्हणजे वळायच्या आधी खांद्यावरून मागे बघ.

आई पडल्या, खरचटल्या, पुन्हा बसल्या. तो शब्द तर इतका अंगात भिनला की गरम कढई घेऊन ओट्यावरून वळतानाही त्या आधी "शुल्टरब्लिक" म्हणायच्या आणि मगच वळायच्या. इरा परीक्षा पास झाली त्याच आठवड्यात आई पार्किंगबाहेर पडल्या. मला इतका आनंद झाला की मी बेकरीत भेटलेल्या अनोळखी बाईलाही ते सांगितलं.

*

आणि मग घोळ झाला.

ओकर नदीच्या काठाने आम्ही चाललो होतो. पुढे इरा, तिच्यामागे आई. समोरून एक माणूस पळत आला. जर्मनीत उजव्या बाजूने जायचं, आणि इरा चालली होती मधून. आईंनी समीरला लहानपणी उजवं-डावं जसं शिकवलं होतं तशाच त्या ओरडल्या, "इरा, जेवायचा हात! जेवायचा हात!"

इराने हँडल फिरवलं ते थेट डावीकडे. पळणाऱ्या माणसाने उडी मारली म्हणून वाचला. इरा काठावरच्या खाजऱ्या झुडपांत. बाहेर आली ती रडत, आणि जर्मनमध्ये एकच वाक्य पुन्हा पुन्हा: आजीने सांगितलं तेच मी केलं. समीर चिडला, एवढ्या मोठ्या मुलीला उजवं-डावं कळत नाही का म्हणाला.

कारण रात्रीच्या जेवणाला सापडलं. इरा काट्या-सुरीने जेवते. किंडरगार्टनपासूनची सवय, पोळी-भाजीसुद्धा तशीच. उजव्या हातात सुरी, डाव्या हातात काटा. घास जातो तो डाव्या हाताने! मला हसू फुटलं, आणि मग मी आईंकडे बघितलं.

"हिचा जेवायचा हातच वेगळा आहे गं," त्या म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

त्यानंतर बरेच दिवस इरा त्यांच्यापुढे सायकल चालवेना. आईंनी तो शब्द बंदच केला. कणीक मळताना पाठ करायच्या, "रेश्ट्स म्हणजे उजवं, लिंक्स म्हणजे डावं." मग हळूहळू इरा पुन्हा त्यांच्यापुढे जायला लागली, पण मागे वळून वळून बघत.

*

सफोक व्हिडिओत दिसत होतं त्याहून सुंदर निघालं. गुलाबी रंगाची बुटकी घरं, वाऱ्यावर हलणारं गव्हाचं रान, आणि रस्ते असे की पॅडल न मारताही सायकल पुढे जाते आहे असं वाटावं. तेजस पहिल्या दिवशी कारण नसताना मोठमोठ्याने गात होता.

अडचण एकच. तिथे डाव्या बाजूने जायचं. आमचा जन्म डाव्या बाजूने गेला, पण जर्मनीत राहून अंगवळणी उजवी बाजू पडलेली. विनायकने प्रत्येकाच्या डाव्या हँडलला लाल रिबन बांधली आणि पहिल्याच वळणाला स्वतः उजवीकडे गेला. मग ठरलं की इराला झटकन कळावं म्हणून सगळ्यांनी जर्मनमध्येच ओरडायचं. प्रत्येक कोपऱ्यावर आमचा गजर, "लिंक्स! लिंक्स!"

एक आजोबा बागेतलं काम सोडून फाटकाशी आले आणि काळजीने विचारू लागले, "हा लिंक्स दिसतो कसा? मी पण शोधतो. कुत्रा आहे की मांजर?"

*

शेवटच्या दिवशी एका चहाच्या दुकानातून चहा पिऊन निघालो. इरा सगळ्यात आधी फाटकाबाहेर पडली आणि सवयीने उजव्या बाजूला लागली. रस्ता अरुंद, दोन्हीकडे डोक्यावर जाणारी झुडपं, पुढे वळण. मागे आई. आम्ही अजून हेल्मेटचे पट्टे लावत होतो.

वळणावरून ट्रॅक्टर आला. इराच्या बाजूनेच, समोरून.

इतके दिवस घोकलेलं आई त्या क्षणी सगळं विसरल्या आणि जीव खाऊन ओरडल्या, "इरा! जेवायचा हात!"

इराने मागे बघितलंसुद्धा नाही. सायकल वळली, झुडपात घुसली, आणि ट्रॅक्टर ती होती तिथूनच घसटत पुढे जाऊन थांबला.

आईंनी सायकल रस्त्यात टाकली आणि धावल्या. इराला छातीशी धरलं, चाचपलं, पुन्हा धरलं. मग त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"अगं बाई, मी काय ओरडले? कुठला हात म्हणाले मी?"

इराने हेल्मेटमध्ये अडकलेलं पान काढलं, डावा हात वर केला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "जेवायचा, आजी. माझा."