दयाराम पोस्टमनला आधीच कळलेली बातमी

आगरदांड्याच्या धक्क्यापासून आतल्या चार वाड्यांचं टपाल दयाराम पायी वाटायचा. ज्यांना अक्षर येत नसे त्यांना पत्र वाचूनही दाखवायचा. आणखी एक काम खात्यानं दिलेलं नसताना तो करी: एका वाडीतलं पत्र दुसऱ्या वाडीत सांगणं. माणूस सरळ, पण पोटात काही राहत नसे.

बासष्टच्या भाद्रपदात मनुबाईच्या हिरामणचं पत्र आलं. पोरगा पलटणीत, ईशान्येच्या सरहद्दीवर. दयारामनं ओट्यावर बसून वाचलं, "आई, लोकरीचे मोजे पाठव. आमच्या पायात कापडी बूट आहेत. समोरच्या डोंगरावर पाहुणे फार झालेत. संध्याकाळी त्यांच्या चुली मोजतो, आमच्या चौपट भरतात."

"पाव्हणे? कुनाचं लगीन हाय?"

"लगीन न्हाय मनुबाय. चिनी हायेत."

"त्याच्या सायबाला ठावं हाय का?"

"असंलच की."

"मंग मोजे मी का पाठवायचे?"

दयारामनं पत्र घडी करून तिच्या हातात दिलं. तो थेट धक्क्यावरच्या हॉटेलात जाऊन चुलींचं सांगू लागला. तिथं रोज दोन पेपर यायचे. सरकारच्या बाजूचा नारळी-पोफळीच्या वाडीचे मालक भाऊ वाचत, सरकारच्या विरुद्धचा गिरणीतून निवृत्त झालेला कोंडाजी. दोघांचं कशावरच पटत नसे. त्या दिवशी पटलं.

"असं काही असतं तर पेपरात आलं नसतं का?" भाऊ म्हणाले.

"सरकार नालायक आहे, कबूल," कोंडाजी म्हणाला, "पण चुली मोजून लढाई कळते होय?"

मनुबाईनं मुंबईहून मोजे मागवून पाठवले. दिवाळीच्या तोंडावर चिन्यांनी हल्ला केला आणि हिरामणची पत्रं थांबली. मनुबाई रोज वाटेवर येऊन उभी राहायची. पिशवीत तिच्यासाठी काही नसलं की दयाराम खाडीकडच्या खाजणाच्या बांधावरून लांबचा फेरा घेऊन जायचा.

लढाई थांबली तसे पेपर एकमेकांवर तुटून पडले. भाऊंच्या पेपरात आलं, शत्रूनं दगा दिला, हे कुणालाही कळणं शक्य नव्हतं. कोंडाजीचा म्हणे, सरकारला सगळं कळलं होतं, ते झोपलं. कोंडाजीला आता ते पत्र आठवलं. त्यानं आपल्या पेपराला लिहून कळवलं आणि बातमी छापून आली: कोकणातल्या पोस्टमनला कळलं, दिल्लीला नाही! चार दिवसांनी भाऊंच्या पेपरानं विचारलं, जवानांची पत्रं चव्हाट्यावर वाचणारा हा पोस्टमन कोण? एका पेपरात देशभक्त आणि दुसऱ्यात जवळजवळ हेर झालेला दयाराम दोन्ही कात्रणं खिशात घालून हिंडत होता. मग वरच्या कचेरीचा चौकशीचा कागद आला. तो रजिस्टरनं आला होता, त्यामुळे त्यानंच तो स्वतःला दिला आणि पोच म्हणून सही केली.

चौकशीला मनुबाई न बोलावता गेली.

"पत्र माजं. मीच वाचाया लावलं."

"पण यानं ते हॉटेलात सांगितलं," साहेब म्हणाले.

"ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं न्हाय, त्यात ह्याचा काय गुन्हा?"

साहेबांनी ताकीद लिहून दयारामला सोडलं.

पौषात इस्पितळातून हिरामणचं पत्र आलं. बर्फानं उजव्या पायाची दोन बोटं गेली होती. त्या ओळीशी आला की दयाराम पुन्हा पहिल्यापासून वाचू लागे, शेवटी मनुबाईच म्हणाली, "वाच रं. जित्ता हाय ना?"

चैत्रात पोरगा घरी आला. भाऊ आणि कोंडाजी दोघंही आपापले पेपर घेऊन ओट्यावर हजर.

"मी चुलींचा आकडा रोज सुभेदारांना द्यायचो," हिरामण म्हणाला. "ते वर द्यायचे. त्याच्या वर कुठं अडकला, मला काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी हॉटेलात दोघंही सांगत होते की पोरगा आपल्याच बाजूचं बोलला.

वैशाखात हिरामण धक्क्यावरून खाडीपलीकडे जाणाऱ्या दिघीच्या लाँचवर तिकिटं फाडायला लागला. बसून करायचं काम होतं. मनुबाईनं त्या दिवशी दयारामला जेवायला बोलावलं. कोलंबीचं कालवण होतं. तो इतका जेवला की उरलेल्या दोन वाड्यांचं टपाल उशाला घेऊन उन्हं उतरेपर्यंत ओट्यावर झोपला.