कारभारीभाऊंचा काळा दोरा

देवगाव रंगारीच्या ज्या घरात कारभारीभाऊंचा जन्म झाला, त्या घरात नव्या वस्तूला आधी काळा दोरा लागायचा आणि मग माणसाचा हात. गाव सुटलं, सरकारी कचेरीतली नोकरी हेडक्लार्क होऊन संपली, शहरात बेगमपुऱ्यात वर-खाली घर झालं, पण दोरा काही सुटला नाही. सायकलच्या हँडलला, स्कूटरच्या आरशाला, टीव्हीच्या अँटेनाला, सगळ्यांना त्यांनी स्वहस्ते दोरा बांधला होता. एकुलत्या एका मुलाच्या, प्रल्हादच्या, घोट्याला तो बारावीपर्यंत होता. प्रल्हाद पहिल्यांदा नोकरीला पुण्याला निघाला तेव्हा भाऊंनी त्याच्या बॅगेच्या चेनलाच दोरा आवळला. ती चेन काही केल्या उघडेना. आत आईने दिलेला डबा, बाहेर भुकेलेला मुलगा, असा तो पुण्यापर्यंत गेला. त्या आईला, म्हणजे आशाबाईंना, ती गोष्ट आठवली की आजही हळहळ वाटायची. भाऊंचं म्हणणं असं, की बॅग चोरीला गेली नाही ती दोऱ्यामुळेच.

नावच कारभारी असल्यामुळे की काय, दुसऱ्यांचा कारभार हे त्यांना आपलं कर्तव्य वाटे. गल्लीत कोणाकडे काही कार्य निघालं की भाऊ बोलावण्याची वाट बघत नसत. मांडव कुठल्या बाजूला घालायचा, आचारी कोणता, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या, हे ते ठरवून टाकत आणि मग घरच्यांना कळवत.

अशा माणसाच्या घरी प्रल्हादने पुण्याहून तो फ्रिज पाठवला. दोन दारांचा, कपाटाएवढा, आणि बर्फ आपोआप करणारा. मागून पाण्याची बारीक नळी आत जायची, वरच्या कप्प्यात यंत्र होतं, त्यात वड्या गोठायच्या आणि खाली ठेवलेल्या डब्यात खडखड करत पडायच्या. यंत्राच्या बाजूला एक तारेची दांडी होती. डबा भरला की दांडी आपसूक वर उचलली जायची आणि यंत्र थांबायचं. बर्फ काढला की दांडी खाली यायची आणि यंत्र पुन्हा कामाला लागायचं. फ्रिज बसवायला आलेल्या माणसाने हे सगळं समजावून सांगितलं. पण तेव्हा भाऊ त्यालाच फ्रिजचं तोंड कोणत्या दिशेला हवं ते समजावत होते.

आठवडाभर घरात जत्रा भरली. ज्या शहरात नळाचं पाणी पाहुण्यासारखं अधूनमधून येतं आणि ते आलं की बायामाणसं हातातलं काम टाकून हंडे घेऊन धावतात, त्या शहरात भाऊंच्या घरी पाणी आपल्या पायांनी फ्रिजमध्ये जाऊन बर्फ होऊन बाहेर येत होतं. मे महिना होता. जो येई त्याला भाऊ खुर्चीवर बसवत, दार उघडत आणि म्हणत, "आवाज ऐका." मग सगळे श्वास रोखून वड्या पडायची वाट बघत. आशाबाईंना मात्र काळजीच काळजी. दार इतकं उघडं राहिलं तर मोटार जळेल का, गल्लीतली पोरं इतका बर्फ चघळतायत तर उद्या सगळ्यांचे घसे धरतील का आणि त्यांच्या आया आपल्याला बोल लावतील का. त्या प्रत्येक पोराला एकच वडी देत आणि वर कोमट पाणी प्यायला सांगत.

याच जत्रेत शेजारचे हबीबभाई आणि मुनिराभाबी आले. त्यांच्या मुलीची, सगीराची, मंगनी म्हणजे साखरपुडा रविवारी संध्याकाळी ठरला होता. पाचोडहून मुलाकडची मंडळी यायची होती. गुलाबाच्या सरबतासाठी बर्फाच्या दोन लाद्या सांगायला हबीबभाई निघाले होते. भाऊंनी त्यांना तिथल्या तिथे थांबवलं. भुशात लोळवलेली, गोणपाटात गुंडाळलेली लादी आता कोण आणतं, असं त्यांनी विचारलं. सगीरा आपल्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर. तिच्या सासरच्यांच्या पेल्यात काचेसारख्या वड्या पडतील आणि त्या आपल्या घरून येतील, असा शब्द त्यांनी देऊन टाकला.

"भाऊ, माणसं खूप आहेत हो," हबीबभाई म्हणाले.

"यंत्र आहे ते, हबीबभाई. ते माणसं मोजत नाय."

पाहुणे गेल्यावर भाऊंच्या लक्षात आलं, की इतक्या लोकांनी बघितलं आणि दोरा बांधायचाच राहिला. ते ताबडतोब स्टूल घेऊन उभे राहिले. दोरा कुठे बांधावा, तर जिथे नजर लागते तिथे, म्हणजे थेट यंत्राला. आशाबाईंनी एवढंच बजावलं, की पिण्याच्या बर्फात दोरा लोंबकळता कामा नये, त्याचा रंग उतरेल, कोणाच्या पोटात जाईल. भाऊंना ते पटलं. त्यांनी दोऱ्याचे वेढे त्या तारेच्या दांडीला घातले, दांडी चांगली वर ओढली आणि वरच्या खिट्टीला गाठ मारली. दोरा कुठेही लोंबकळला नाही. मारुतीचं नाव घेऊन त्यांनी दार लावलं.

त्यानंतर यंत्राने एकही वडी टाकली नाही.

पहिल्या दिवशी कोणाला कळलं नाही, कारण डब्यात आधीचा बर्फ होता. तो संपला तेव्हा मंगनी चार दिवसांवर आली होती. भाऊंनी फ्रिज बंद करून चालू केला. पुन्हा बंद केला आणि थोडा जास्त वेळ थांबून चालू केला. मग भिंतीला कान लावून पाण्याची नळी ऐकली. आशाबाईंनी नळीचा कॉक सुरू आहे का ते बघितलं, सुरू होता. गच्चीवरची टाकी बघितली. अर्धी भरलेली होती. नळी आत गोठली असेल म्हणून त्यांनी गरम पाण्यात फडकं पिळून तिला शेक दिला, जसा त्या प्रल्हादच्या लहानपणी त्याच्या छातीला द्यायच्या. भाऊंना पाण्याचीच शंका आली. नळ येऊन बरेच दिवस झाले, पाणी शिळं झालं, शिळ्या पाण्याचा बर्फ धरत नसेल. ज्या दिवशी नळ आला त्या दिवशी टाकी धुऊन ताजं पाणी भरलं. यंत्राला ताज्याशिळ्याचं काही वाटलं नाही.

प्रल्हादने फोनवर विचारलं, फ्रिजसोबत आलेलं माहितीचं पुस्तक कुठे आहे. ते भाऊंनी इतकं जपून ठेवलं होतं, की ते आता कोणालाच सापडत नव्हतं.

शेवटी कंपनीला फोन झाला. पलीकडची मुलगी हिंदीतून मोठ्या सबुरीने एकेक विचारत होती. पाणी येतंय का, थंडावा आहे का, तारेची दांडी खाली आहे का. दांडी, कॉक, नळी, सगळं आपापल्या जागी आहे, असं भाऊंनी फ्रिजकडे पाठ करून ठामपणे सांगितलं. यंत्राशी कोणी काही छेडछाड केली का, असं तिने विचारलं.

"अजिबात नाय. आमच्या घरात कुणी हात लावत नाय त्याला."

ते खोटं बोलत नव्हते. दोरा बांधणं म्हणजे हात लावणं, असं त्यांच्या काय, आशाबाईंच्यासुद्धा मनात आलं नाही. कपाळाला कुंकू लावलं म्हणून डॉक्टरला कोणी सांगतं का? मुलीने मंगळवारी माणूस पाठवते म्हणून सांगितलं. मंगनी रविवारी होती.

दुसऱ्या दिवशी मुनिराभाबी मेहंदीच्या हातांनी आल्या. त्या सहज आल्या असं दाखवत होत्या, पण डोळे फ्रिजकडे जात होते. "आशाभाबी, बरफ का होजाएंगा ना? नहीं तो इनकू लादी बोलती मैं."

लादी सांगून टाका, हे आशाबाईंच्या अगदी ओठावर आलं. पलंगावर भाऊ वर्तमानपत्र धरून बसले होते आणि वर्तमानपत्र हलत नव्हतं. उमर अशी काढलेली, की दिलेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे त्यांना भर चौकात धोतर सुटल्यासारखं व्हायचं. आशाबाईंनी मुनिराच्या मेहंदीचं कौतुक केलं आणि चहा टाकला. मुनिरा समजायचं ते समजली की नाही, हे काही त्यांना कळलं नाही.

त्या गेल्यावर भाऊंनी निकाल दिला. एवढे उपाय झाले, यंत्र नवं, पाणी ताजं, मग उरलं काय? "नजर लई मोठी होती. दोरा पडला कमी. त्याची ताकद उतरली आता."

शनिवारी सकाळीच ते खुलताबादला भद्रा मारुतीला गेले. रांगेत उभे राहिले, तेल वाहिलं आणि दुपारी घामाघूम होऊन नवा, जाडजूड दोरा घेऊन परत आले. आल्याबरोबर स्टूल. आशाबाई खाली कात्री घेऊन उभ्या, कारण भाऊंची गाठ हाताने सुटायची नाही. त्यांनी कात्री वर दिली. भाऊंनी जुना दोरा कापला.

दांडी टक्कन खाली पडली.

यंत्रातून एक बारीक घरघर निघाली आणि नळीतून पाणी शिरल्याचा आवाज आला. भाऊ स्टुलावर हात जोडून उभे राहिले. आशाबाई त्या दांडीकडे बघत राहिल्या. बसवायला आलेल्या माणसाने ती बोटाने वर-खाली करून दाखवली होती, ते त्यांना आत्ता लख्ख आठवलं. पुण्याच्या बसमधली बॅगेची चेनही आठवली.

"बघितलं का?" भाऊ म्हणाले. "नवा अजून बांधलासुद्धा नाय. नुसता घरात आला तर ही गत." आणि ते नव्या दोऱ्याचे वेढे घालायला दांडीकडे सरसावले.

आता खरं कारण सांगावं, तर भाऊ तासभर वाद घालणार, आणि वाद घालता घालता दोरा बांधून टाकणार. आशाबाईंनी इतक्या वर्षांच्या संसारात जे कमावलं होतं ते सगळं एका वाक्यात खर्च केलं.

"अहो, नजर येते ती दारातून. दोरा बाहेर, मुठीला बांधा. आत यायच्या आधीच अडेल."

भाऊ थबकले. त्यांनी विचार केला. हे आपल्याला आधीच सुचलं होतं अशा चेहऱ्याने ते खाली उतरले आणि दोरा दाराच्या मुठीला बांधला.

रात्रभर आणि दुसरा सगळा दिवस यंत्र खडखडत राहिलं. आशाबाई डबा भरला की वड्या पातेल्यात काढून ठेवत. पण ते शेवटी घरचं यंत्र. रविवारी संध्याकाळी भाऊ पातेलं देवाची मूर्ती न्यावी तशा मानाने घेऊन मांडवात गेले तेव्हा त्यातला बर्फ मुलाकडच्या वडीलधाऱ्यांच्या पेल्यांपुरता होता. तो तिथेच संपला. बाकी मांडवभर सरबत मात्र थंडगार फिरत होतं. आशाबाईंनी न्हाणीघराच्या बाजूला डोकावून बघितलं. कोपऱ्यात ओलं गोणपाट पडलं होतं. हबीबभाईंच्या नव्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत भुसा चिकटला होता आणि ते भाऊंना मोठ्याने सांगत होते, की तुमच्या बर्फाने आज आमची लाज राखली. आशाबाईंनी त्यांच्या हातात झटकायला फडकं दिलं. त्यांनी ते घेतलं आणि वाकून गुडघे झटकले.

भाऊ तोवर नवरदेवाच्या वडिलांजवळ जाऊन बसले होते. कंपनीच्या लोकांना जमलं नाही ते दोऱ्याने कसं केलं, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. व्याह्यांनी पेल्यातली वडी वर धरून बघितली. त्यांच्या पाचोडच्या विहिरीवरची मोटार महिनाभर त्रास देत होती.

घरी परतताना भाऊ खुशीत होते. उद्या पहिल्या एसटीने पाचोडला जायचं ठरलं होतं. ते स्वतः जाऊन मोटारीला दोरा बांधणार, असा त्यांनी शब्द दिला होता.

आशाबाई कुलूप उघडता उघडता थांबल्या.

"मी काय म्हणते," त्यांनी विचारलं, "त्या मोटारीला मूठ असते का हो?"