काउंटीच्या ग्रँटवरचा हुरडा

"आपल्याकडे असं नसतं हो," हे आमच्या अमेरिकेतल्या मराठी मंडळातल्या एका काकांचं पालुपद. इलिनॉयमधल्या ज्या खेड्यात त्यांनी घर घेतलंय, तिथे त्यांनी मक्याचा हुरडा महोत्सव भरवला, तोही काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, ग्रँटवर. ही ग्रँट हॉटेलांवरच्या टॅक्समधून मिळते. बाहेरच्यांनी यावं आणि गावातल्या हॉटेलात राहावं, एवढीच अपेक्षा.

महोत्सव झोकात झाला. गावातल्या एकुलत्या एक मोटेलचा मालकसुद्धा दोन्ही दिवस हुरडा खात बसला. त्याला दुसरं कामच नव्हतं.

शेवटी ग्रँटचा हिशेब घ्यायला आलेल्या काउंटीच्या बाईंनी विचारलं, "हॉटेलात किती पाहुणे उतरले?"

"एकही नाही!" काकांची छाती फुगली. "आपल्याकडे असं नसतं हो. सगळे माझ्या बेसमेंटमध्ये झोपले."

रात्री तिथेच वॉशिंग मशीनशेजारी झोपलेला मी मान खाली घालून उभा होतो.

बाईंचं पेन थांबलं. काकांना वाटलं, बाईंना मुक्कामाला बोलवायचं राहिलं.

"पुढच्या वर्षी तुम्हीही आमच्याकडेच उतरा!"