तिसरी तुळई

मुरुमच्या बाजारामागच्या गल्लीत शांताक्कांचं घर पाच खणांचं होतं. त्या काळी आपल्याकडं घर खोल्यांवर मोजत नसत, खणांवर मोजत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. तुळयांवर आडव्या काटक्या, त्यावर तुरीच्या काड्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असं ते माळवद. उन्हाळ्यात ते घर गार ठेवतं, पण दर पावसाळ्याआधी थोडी नवी माती मागतं. शांताक्कांचे मालक गुंडप्पा चैत्र सरला की गाडीभर माती आणून चार बोटं थर टाकायचे आणि तो धोपटून बसवायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील हेच करायचे. जुनी माती मात्र कुणी काढली नव्हती. गावात कुणीच काढत नसे. दरवर्षी थर वाढत गेला आणि शेवटी माळवदाचा कठडा वीतभरच उरला.

हिशोब करून पाहिला तर भीती वाटते. नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद खण, त्यावर दीड फूट माती, म्हणजे एकेका तुळईवर साठ-पासष्ट मण वजन. तेही माती कोरडी असताना.

गुंडप्पा वारल्यावर सहा वर्षं शांताक्कांनी वाकळा शिवून पोट भरलं. जुनी लुगडी घेऊन लोक यायचे आणि ओसरीवर बसून गप्पा मारत टाके बघायचे. एकुलती लेक महानंदा सोलापुरात दिली होती. जावई ईरण्णा गिरणीत होता. माळवदावर माती टाकायला घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून तीन पावसाळे घर गळत होतं. मधल्या खणाखाली त्या परात ठेवायच्या आणि पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून परातीत चिंधी टाकायच्या.

१९४८ च्या उन्हाळ्यात सोलापूरहून आलेल्या एका व्यापाऱ्याच्या हाती महानंदाची चिठ्ठी आली. ‘अव्वा, घर जसं आहे तसं विक आणि ये. हद्दीवरच्या वाटा कधी बंद होतील सांगता येत नाही.’ मुरुम निजामाच्या राज्यात होतं, सोलापूर हिंदुस्थानात; ती खोटं लिहीत नव्हती. आसपासच्या गावांत निजामाच्या बाजूचे हत्यारबंद रझाकार येऊन जात होते. ते येऊन गेले की दुसऱ्या दिवशी त्या गावची माणसं डोक्यावर बोचकी घेऊन मुरुमच्या रस्त्यानं चालताना दिसत. शांताक्कांच्या गल्लीतली चार घरं तर कुलूप लावून केव्हाच निघून गेली होती.

शांताक्कांना जायचं होतं, पण रिकाम्या हातानं नाही. गिरणीच्या चाळीत ईरण्णाची एकच खोली होती. त्या खोलीत जावयासमोर ताट घेऊन बसायचं, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. लेकीच्या शेजारी आपली वेगळी खोली असावी, आपली चूल असावी, वाकळा शिवून आपलं आपण खावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी घराला बरी किंमत यायला हवी होती. शिवाय इथला निजामाचा हाली रुपया सोलापुरात चालणारा कलदार करून घेताना कमीच भरायचा.

धाकटे दीर अण्णाराव पलीकडच्या गल्लीत राहत. ते आले आणि वर बघत म्हणाले, “वैनी, असलं गळकं घर दाखवलं तर गिऱ्हाईक निम्मीच किंमत बोलंल. नवी माती टाका, आतून चुना फिरवा. पोरगी दाखवताना तिचं तोंड धुतोच की आपण.”

“तोंड धुते भावजी. पण पोरीचं वय बी लपवू का?”

“इचारलं तर सांगा. न्हाय इचारलं तर आपल्याला काय पडलंय?”

शांताक्का हसल्या. पण ते बोलणं त्यांच्या मनात राहिलं.

माळवदाची कामं करणारा गोरोबा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. वर जाण्याआधी तो आतून सगळ्या तुळया बघत फिरला. लाकूड तासायच्या वाकसाच्या पाठीनं एकेक तुळई ठोकायचा आणि कान द्यायचा. पहिली, दुसरी खणखणीत बोलली. तिसरीचं टोक जिथं भिंतीत घुसलं होतं तिथं आवाज बसका आला. त्यानं पहारीचं टोक तिथं टेकवून जरा दाबलं. भिजलेल्या भाकरीत बोट जावं तसं ते आत गेलं. बाहेर काढल्यावर तपकिरी भुसा आणि दोन-चार पांढरे किडे खाली पडले.

लाकूड असंच मरतं. मधे ते ठणठणीत दिसतं, कारण तिथं वारा लागतो. भिंतीतलं टोक ओल धरून ठेवतं आणि वाळवी तिथूनच सुरुवात करते. तुळईचा सगळा भार मात्र त्या टोकावरच असतो.

“आक्का,” गोरोबा म्हणाला, “ही तुळई गेली. वरची सगळी माती उतरवायची, तुळई बदलायची, मग नवी माती टाकायची. तीन आठवडं लागतील. लाकूड कुठं मिळतंय ते बी बघावं लागंल.”

“तीन आठवडं कुठं हायत मला? आणि माती उतरवली तर सगळ्या गावाला दिसंल.”

“मग उतरवू नका. पण आहे तसं सांगून विका. घेणारा टेकू देईल.”

“टेकू दिलेलं घर कोण घेतंय रे? मयताला खांदा दिल्यागत दिसतंय ते.”

गोरोबानं खांदे उडवले. “मग नवी माती नका टाकू. आधीच लई वजन हाय.”

“पण गळतंय की.”

“गळू द्या. गळक्या घरानं माणूस मरत न्हाय.”

शांताक्का दोन दिवस विचार करत राहिल्या. तुळई बदलायची तर दिवस हातात नव्हते. तसंच विकायचं तर किंमत नव्हती. तिसरी वाट अण्णारावांनी दाखवली होती, आणि ती आठ दिवसांत होण्यासारखी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोरोबाला बोलावलं आणि सांगितलं, “चार बोटं माती टाक.”

“म्या सांगितलंय तुम्हाला.”

“व्हय. ऐकलंय म्या.”

त्यानं मजुरी घेतली आणि माती टाकली. एका तुळईच्या वाट्याला आणखी दहा-अकरा मण आले.

आतलं काम शांताक्कांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. पहारीनं पडलेलं भोक त्यांनी शेण-मातीनं बुजवलं. करडईच्या तेलात काजळी कालवली, शिडी लावली आणि सगळ्याच तुळया काळ्याभोर करून टाकल्या, म्हणजे तिसरी वेगळी दिसू नये. जिथं तुळई भिंतीत जाते तिथं चुन्याचे दोन हात जास्त दिले. वाकळ शिवताना आतल्या फाटक्या चिंध्या वरच्या नव्या लुगड्याखाली झाकायची त्यांच्या हाताला सवयच होती. वाकळेत ते काम असतं. तुळईवर ते पाप होतं. हे त्यांनीच पुढं कितीदा तरी बोलून दाखवलं.

गिऱ्हाईक आलं ते बलभीम. चाळिशीचा माणूस. त्याच्या गावातली सहा घरं जळाली होती आणि त्यात त्याचंही होतं. बायको कमलबाई आणि म्हातारी आई तुळजाबाई यांना घेऊन तो महिनाभर एका ओळखीच्या माणसाच्या गोठ्यात राहत होता. जमीन गावाकडं होती, पण राहायला बाजाराचं गाव बरं, चार माणसांचा आधार असतो, म्हणून तो मुरुमात घर शोधत होता.

माळवदाचं घर घेताना आपल्याकडं एक रीत होती. घेणारा वर जाऊन पाणी ओततो आणि घरातली बाकीची माणसं खाली बसून वाट बघतात. बलभीमनं मधल्या खणावर सहा घागरी ओतल्या. कमलबाई आणि तुळजाबाई खाली मांडी घालून वर बघत बसल्या. शांताक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. एक थेंब पडला नाही.

“पडलं का गं?” वरून बलभीमनं विचारलं.

“तुमचा घाम पडला तर पडंल, पाणी न्हाय,” कमलबाई ओरडली.

तुळजाबाई पहिल्यांदाच हसल्या. जमिनीवर हात फिरवत म्हणाल्या, “लई गार हाय गं बाई हितं. गोठ्यात जीव नुसता उकडून निघाला. कमळे, माझी बाज हितंच टाक.” मग त्या शांताक्कांकडं वळल्या. “आक्का, तुम्ही बी बाईमाणूस, म्या बी बाईमाणूस. खरं सांगा. घरात काय खोड हाय का?”

शांताक्कांच्या गळ्यात इष्टलिंग होतं. त्यांचा हात तिथवर गेला आणि त्यांनी पदर सारखा केला.

“काय न्हाय,” त्या म्हणाल्या.

घराचं खरेदीखत, म्हणजे बैनामा, उमरग्याला झाला. चौथ्या दिवशी शांताक्का एका व्यापाऱ्याच्या बैलगाडीत बसून अक्कलकोटच्या बाजूनं हद्द ओलांडून गेल्या. सोलापुरात चाळीच्या मागं त्यांना पत्र्याची एक खोली मिळाली. चूल मांडली. वाकळा शिवायला सुरुवात झाली. जावई आईसारखा मान द्यायचा. ज्यासाठी हे सगळं केलं ते सगळं जसंच्या तसं मिळालं. तरी पाऊस सुरू झाला की त्या शिवण बाजूला ठेवून उठायच्या आणि दारात उभ्या राहायच्या. महानंदा म्हणायची, “अव्वा, आपला पत्रा हाय, गळत न्हाय.” त्या मान हलवायच्या.

भाद्रपदात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, रस्ते खुले झाले. दिवाळी झाल्यावर शांताक्का अण्णारावांकडं ठेवलेला पाटा-वरवंटा आणि भांडी आणायला मुरुमला आल्या. अण्णारावांनी पाण्याचा तांब्या दिला आणि त्यांच्या तोंडाकडं न बघता सांगितलं.

श्रावणात झड लागली होती. पाच दिवस सूर्य दिसला नव्हता. पाचव्या दिवशी दुपारी मधला खण बसला आणि शेजारचे दोनही त्याच्याबरोबर खाली आले. तुळजाबाई बाजेवर पडल्या होत्या. माती उकरून मयत काढायला चौघांना तास लागला.

“तिसरी तुळई?” शांताक्कांनी विचारलं.

अण्णारावांनी तोंड वर केलं. त्यांना तुळईचं कुणी सांगितलंच नव्हतं. मग हळूच म्हणाले, “तुम्हाला काय करायचंय वैनी? बैनामा झाला, घर त्यांचं झालं. भांडी घ्या आणि जावा.”

शांताक्का भांडी तिथंच ठेवून निघाल्या.

घराचे दोन खण शाबूत होते. बाकीच्यांवर बलभीमनं ज्वारीचा कडबा टाकला होता. तो अंगणात माती चाळत बसला होता. शांताक्कांना बघून उठला आणि त्यांना बसायला फळी दिली. कमलबाईनं आतून पाणी आणून दिलं आणि ती परत चुलीकडं गेली.

“आक्का, तुमचं घर म्या सांभाळलं न्हाय,” बलभीम म्हणाला. “चूक माझीच. पाऊस लई हाय म्हणून आषाढात म्या आणखी माती टाकली. पाणी घुसू नये म्हणून. जास्त झाली ती.” चुलीकडं मान करून तो खालच्या आवाजात म्हणाला, “आणि ही म्हणती, बाज मी तिथं टाकली. दोन महिनं झालं, हेच चाललंय.”

शांताक्कांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि सांगितलं. गोरोबानं ठोकून बघितलेलं, पहारीचं टोक, शेण-माती, काजळीचं तेल, सगळं सांगितलं. बलभीम ऐकत राहिला. माती चाळायचा त्याचा हात मधेच थांबला होता.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“व्हय.”

“किमतीपायी?”

“व्हय. तुळई दाखवली असती तर तुम्ही घेतलं नसतं. न्हायतर निम्म्यात मागितलं असतं.”

बलभीमनं चाळणी खाली ठेवली. मग साध्या आवाजात, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतोय असं, म्हणाला, “आक्का, आमचं घर जळालं होतं. आई गोठ्यात शेणात निजत होती. म्या पैसं कनवटीला बांधूनच आलो होतो. तुम्ही तुळई दाखवली असती तरी तेवढंच दिलं असतं. दुसरं घर मिळतच नव्हतं. एक टेकू लावला असता. आईची बाज पलीकडं टाकली असती. बास.”

शांताक्कांनी कंबरेची पिशवी सोडली. घराच्या किमतीतलं जे उरलं होतं ते त्यात होतं. बलभीमनं त्यांच्या हाताकडं बघितलंसुद्धा नाही. तो परत माती चाळायला लागला.

“कमलबाईला म्या सांगते,” शांताक्का म्हणाल्या. “तिनं सोताला बोल लावू नये.”

“सांगा,” तो म्हणाला.

कमलबाई भाकरी थापत होती. शांताक्का उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. या वेळी जास्त वेळ लागला. कमलबाईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, तव्याखालच्या निखाऱ्यावर फुगवली आणि टोपल्यात ठेवली. मग पिठाचे हात तसेच गुडघ्यावर ठेवून तिनं शांताक्कांकडं पाहिलं.

“सासूबाईंनी इचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “माझ्यासमोर इचारलं होतं.”

“व्हय.”

“पाणी पिलात न्हवं?”

शांताक्कांनी मान हलवली.

“मग जावा आता.”