गोचिडाचं औषध

मी स्वतःला फार शहाणा समजतो, ही माझी जुनी खोड. जांघेत खाज सुटली तेव्हा दीड महिना गजकर्णाचं मलम चोळलं. मग एका दुपारी उजेडात पाहिलं, तर केसांच्या मुळाशी काहीतरी चपटं, भुरकट चिकटलेलं आणि पाय हलवणारं. आमच्या गोठ्यात दोन म्हशी. मी लगेच ठरवून टाकलं, गोचीड. म्हशींचं गोचिडाचं औषध पाण्यात कालवून स्वतःलाच लावलं. अशी आग झाली की काय सांगू. दोन दिवस वर्गात खुर्चीला शिवलो नाही.

आमच्या गावात, दुसरबीडमध्ये, मला सगळे गुरुजी म्हणून ओळखतात, म्हणून एसटीनं देऊळगाव राजाला गेलो. डॉक्टर नेमक्या बाई निघाल्या. त्यांनी भिंगातून पाहिलं.

"गोचीड कुठली आली? जांघेतल्या उवा आहेत या. केसांना चिकटल्यात त्या लिखा. डोक्यातल्या उवांपेक्षा ही जात वेगळी, खेकड्यासारखी."

जनावराचं औषध लावल्याबद्दल त्यांनी मला चांगलं झापलं. मग शांतपणे समजावलं. आधी कातडी बरी होऊ द्यायची. मग क्रीम लावून दहा मिनिटांनी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा तसंच. कपडे, चादरी, टॉवेल कढत पाण्यात.

"हे बहुतेक अंगाला अंग लागूनच येतं," त्या हळूच म्हणाल्या. "पत्नीलाही औषध लागेल. दोघंही गुप्तरोगांच्या तपासण्या करून घ्या."

कुठून आलं ते मला ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी प्रशिक्षणाला बाहेरगावी गेलो होतो, तिथं माझा पाय घसरला. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. खरं कळलं तर ही निघून जाईल, अशी भीती वाटली. टॉवेलातून आलं असं सांगायचं मी एसटीतच ठरवलं.

घरी पोचलो तेव्हा बायको ज्वारी पाखडत होती. मी क्रीमच्या दोन ट्यूब पुढं ठेवल्या आणि म्हणालो, "मले खाली उवा झाल्या. तुलेबी औषध लावा लागते."

तिचं सूप थांबलं.

"मले तं महिन्यापासून खाज सुटते," ती म्हणाली. "वाटलं, माह्याच अंगात काही खराबी हाये. तुमाले समजलं तं माहेरी धाडून द्याल. चोरून लिंबू चोळून राह्यली होती मी."

टॉवेलाचं खोटं मला बोलवेना.

"खराबी तुह्यात नाही. माह्याकडून आलं," म्हणालो, आणि प्रशिक्षणाचं सगळं सांगून टाकलं.

ती रडली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"महिनाभर कुढून राह्यली होती मी," ती म्हणाली. "तुमाले दिसलंच नाही काय?"

नव्हतं दिसलं.