बासष्ट डिग्रीतली बाळंतीण

अमेरिकेत घरं तापवायचा गॅस कमी पडतो, यावर माझा विश्वासच बसेना. टंचाई म्हटली की कुणीतरी माल दडवलेला असणार, एवढं मी रॉकेलच्या रांगेत शिकून आले होते. पण ऐंशीच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात आमच्या ट्रॉय गावात रेडिओ रोज बजावत होता, पाइपमधलं प्रेशर उतरतंय, थर्मोस्टॅट वर नेऊ नका. नवऱ्याने थर्मोस्टॅटचा काटा बासष्ट फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या सोळा-सतरा डिग्रीवर आणला. मी माझ्या खोलीच्या खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलं, फट म्हणून ठेवली नाही.

बाळ तीन आठवड्यांचं होतं. बाळंतपणाला सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. शेक नाही, शेगडी नाही, हे कसलं बाळंतपण, अशी त्यांची दिवसभर कुरकुर चाले.

मी संशयी आहे, नाकारत नाही. दुपारी बाळ सासूबाईंजवळ ठेवून अंघोळ करून यावं तर खोली मस्त उबदार, आणि काटा मात्र बासष्टवरच. त्या तो वर नेतात आणि माझी चाहूल लागली की खाली आणतात, अशी माझी खात्री झाली. मी नवऱ्याचे कान भरले. तो नुसता हसला. त्याच दिवसांत माझं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं. त्याचं खापर मी त्यांच्या डिंकाच्या लाडवांवर फोडलं.

एका दुपारी चोर पकडायचाच म्हणून मी बाथरूमचा नळ सोडून ठेवला आणि पावलं न वाजवता बाहेर आले. थर्मोस्टॅटपाशी कुणी नव्हतं. खोलीचं दार लावलेलं होतं. उघडलं, तर माझ्या खाटेखाली लोखंडी कढई आणि तिच्यात लालबुंद निखारे. गॅरेजमधले बारबेक्यूचे कोळसे त्या रोज फुलवून आणत होत्या आणि मी यायच्या आत परत नेत होत्या. धूर नाही, वास नाही. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांना धड उठता येईना. बाळ हलवलं तरी रडेना.

मी बाळ छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने प्लास्टिक टराटरा फाडून खिडकी उघडली. गार वारा तोंडावर बसला तेव्हा कुठे ते रडलं. मग सासूबाईंना ओढत बाहेर काढलं. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठला होता, आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघंही हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाला.

"शेगडीवर पाच बाळंतपणं काढली मी," त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. नागपूरच्या त्यांच्या घरात कौलांतून वारा खेळायचा. इथली प्रत्येक फट मी बुजवली होती. हे मला कळलं होतं, पण मी बोलले नाही. दोष एकट्या त्यांच्याच माथी राहिला, ते मला सोयीचं वाटलं.

पुढे मी बाळ त्यांच्याजवळ एकटं सोडलं नाही. अंघोळीला जाताना पाळणा बाथरूमच्या दारापर्यंत ओढत न्यायची. त्या बघत राहायच्या. त्या परत निघाल्या तेव्हा विमानतळावर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हात पुढे केले नाहीत.

"याला जरा घेऊ का गं मी?"

मी बाळ दिलं. दुपट्याखालचा हात मात्र काढून घेतला नाही.